लॉकआउटचं बटण

नौपाड्यात आमच्या इमारतीखाली एक जण रेडिओ दुरुस्त करायचा. काही ऐकायचं असलं की डोळे मिटून घ्यायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याने मला वॉकीटॉकीएवढा स्कॅनर दाखवला. "हा हवेतला एकेक चॅनल चाचपतो, आवाज सापडला की थांबतो. हे स्क्वेल्च, नुसती खरखर दाबून टाकतं. हे लॉकआउट, नको तो चॅनल वगळतं."

स्कॅनर थांबला. माझ्याच बायकोचा आवाज! आमच्या नव्या कॉर्डलेस फोनवरचं बोलणं हवेतून खाली येत होतं.

"आई, माझ्या गाठीचा रिपोर्ट वाईट आलाय गं. ह्यांना सांगू नकोस."



"कालपासून रडतेय बिचारी," तो डोळे मिटूनच म्हणाला. "लोकांच्या घरात कान घालू नये." त्याने लॉकआउट दाबलं.

मी वर गेलो. तिने हसत दार उघडलं. "चहा टाकू?"