पटेल खिडकीतून आत

सोमवारपासून अमरावतीत नोकरी होती. अकोल्याहून रोज ये-जा करायची तर पाच तास बसमध्येच जाणार, म्हणून तिथली ती भाड्याची खोली मला हवीच होती. घरमालकीण फोनवर म्हणाल्या होत्या, "पटेल खिडकीतून आत ये, डाव्या हाताले तिसरं घर. एक वाजेपर्यंत थांबीन. आनखी एक पोरगी पाहून राहिली." मी हो हो म्हटलं. खिडकीतून आत कसं यायचं, हे विचारायचा धीर झाला नाही.

राजकमल चौकात उतरले तेव्हा अकरा वाजले होते. पटेल नावाची पाटी शोधत जवाहर गेटपर्यंत गेले. साड्या, भांडी, संत्र्यांच्या गाड्या. कमानीतून एका वेळी निघू पाहणाऱ्या दोन रिक्षा. लोकांचे धक्के चुकवून चुकवूनच मी थकले. फोनच्या नकाशात 'खिडकी' एवढंच टाकलं, तर स्लायडिंगच्या खिडक्या करणारी दुकानं आली. त्यातल्या एकासमोर मी खरंच जाऊन उभी राहिले. मग जुन्या शहराभोवतीच्या परकोटाच्या दगडी भिंतीच्या कडेनं चालत सुटले. एका बुटक्या कमानीसमोरून दोनदा गेले. ऊन डोक्यात चढलं होतं, पायाला फोड आला होता.

शेवटी त्याच कमानीशेजारच्या बांगडीवालीला विचारलं.

"अवं, हे काय! खिडकीसमोर उभी राहून खिडकी इचारून राहिली!"

"पण हे तर दार आहे."

"परकोटाचं दार मोठं असलं का गेट, लहान असलं का खिडकी. कोन्या गावची वं तू?"

"अकोल्याची."

"अन् बोलते पुण्यावानी!" शेजारचा कुलूपवालाही हसला.

घर सापडलं तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मालकीणबाई दारातच होत्या. "आत्ताच चाबी घेऊन गेली ते. चांदूर बाजारची होती. तू कुठी होती?"

"खिडकी सापडली नाही."

"मंग फोन काहून नाही केला?"

त्यांनी पाणी आणलं. मी उभ्यानंच दोन गिलास प्यायले.

परतीच्या बसमध्ये बसल्यावर आईचा फोन आला. खोलीत ओल होती, नको म्हटलं, असं मी तिला सांगितलं.

"बरं केलं," आई म्हणाली. "मग सोमवारी सकाळी डबा कितीले भरून ठेवू?"

"पाचला," मी म्हटलं.