जाणारी रेघ

रंग पक्का व्हावा म्हणून धडपडणारे लोक सुरतेत गल्लोगल्ली सापडतील; रंग जावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस मात्र अख्ख्या शहरात एकच आहे, आणि तो माझा चुलत सासरा आहे. पस्तीस वर्षं ते बमरोलीकडच्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये होते. साडीचा तुकडा धुवायचा, घासायचा, उन्हात टांगायचा आणि रंग गेला तर सगळा माल परत पाठवायचा, हे त्यांचं काम. खुद्द शेठ आपल्याला टरकून असत, असं काका सांगतात. शेठ आता हयात नसल्याने दुसरी बाजू कळायला मार्ग नाही. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, सोसायटीची निवडणूक लढवतात. काकांनी कापडावरून पुसली जाणारी पेनं तपासायला घेतली.

याला कारण काकू. लिंबायतमधल्या खानदेशी घरांत काकूंच्या गोधडीचं नाव आहे. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, कडेने टाका धरायचा आणि चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत जायचं. खडू नाही, दोरी नाही, पट्टी नाही. तरी टाका इतका सरळ, की शेजारणी त्यावरून आपापल्या सुनांना टोमणे मारत. दोन वर्षांपूर्वी काकूंच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी हे निदान मान्य केलं नाही. त्यांनी फक्त गोधडी शिवणं बंद केलं, आणि कुणी कारण विचारलं तर गुडघे सांगितले. दीडेक वर्ष असंच गेलं आणि पुण्याच्या नातीला दिवस गेल्याची बातमी आली. या घरातलं प्रत्येक मूल काकूंच्या गोधडीत निजलेलं. पहिलं पणतवंड तेवढं बाजारातल्या अस्वलछाप ब्लँकेटमध्ये निजणार, या विचाराने काकांची झोप उडाली.

ठळक रेघ काकूंना अजून दिसायची. म्हणजे रेघ आखून दिली की प्रश्न सुटत होता. पण "रेघा आखीसन शिवाले मी काय शाळानी पोर शे का?" असं काकूंनी ठणकावलं. तेव्हा काका म्हणाले, की आपण पेनं तपासतोय, तू नुसती रेघेवर शिव, रिपोर्ट मी लिहीन. रिकामा नवरा घरात किती त्रास देतो हे काकूंना ठाऊक होतं. त्याला उद्योग मिळतोय म्हणून त्या तयार झाल्या. असे दोघांनी एकमेकांवर उपकार केले. त्यांचा संसार मला वाटतं पहिल्यापासून असाच चालला असावा.

मग परीक्षा सुरू झाल्या. ही पेनं तीन जातींची असतात: पाण्याने जाणारी, हवेने जाणारी आणि इस्त्रीने जाणारी. पर्वत पाटियाजवळच्या दुकानदाराने "काका, गॅरंटी छे, धोवो एटले गायब" असं म्हणताच काकांनी उत्तर दिलं, "गॅरंटी तमारी पासे राखो, एक लोटा पाणी द्या," आणि त्याच्या काउंटरवर धुणं काढलं. हवेने जाणारी रेघ सुईत दोरा ओवून होईपर्यंत नाहीशी झाली. इस्त्रीने जाणारी छान गेली, पण काकांनी ते कापड त्याच गल्लीतल्या आमच्या घरी आणून फ्रीजरमध्ये ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला मटारच्या पिशवीखाली ती रेघ पुन्हा उगवलेली सापडली. "अहो काका, एवढी थंडी बाळाला कुठे लागणार आहे?" मी म्हणालो. "नातजावयाची नोकरी बदलीची आहे, जावईबापू. गोधडीने चार पिढ्यांचा विचार करायचा असतो." घामाच्या परीक्षेसाठी रेघांची पट्टी बनियनच्या आत घालून ते भर मे महिन्यात उधन्यापर्यंत चालून आले. पण सर्वांत कठीण परीक्षा बाळाच्या गोधडीला शेवटी जी द्यावीच लागते ती. त्यासाठी ते शेजारच्या चार महिन्यांच्या नातवाखाली कापड अंथरून, डोळ्यांवर चष्मा चढवून तासभर बसून राहिले. बाळ त्यांच्याकडे बघून हसत राहिलं आणि काका चहाला उठताच मोकळं झालं.

मोठा शोध मात्र माझ्या नावावर आहे. निळ्या, पाण्याने जाणाऱ्या पेनाची एक रेघ त्यांनी माझ्या हातरुमालावर ओढली आणि बजावलं, आधी धुवा, मग इस्त्री. मी उलटं केलं. रेघ अशी बसली की साबण, लिंबू, सोडा, कशालाही हलेना. मी ओशाळून रुमाल पुढे केला, तर काका तो उजेडात धरून भारावून बघत राहिले. "काय पक्का निळा आहे! हा आमच्या मिलला मिळायला हवा होता." शेवटी तेच पेन पास झालं, इस्त्री जवळ आणायची नाही या अटीवर.

त्या रुमालावरची रेघ मी तेव्हाच नीट पाहायला हवी होती. काकांच्या हातातली बशी काही दिवसांपासून वाजायला लागली होती, तेही मी वयावर ढकललं होतं. गोधडी आखायला बसले तेव्हा दिसलं: एका हातातली पट्टी सरकायची, दुसऱ्या हातातलं पेन थरथरायचं. रेघ निघे ती पाण्यावरून चालल्यासारखी. ते स्वतः ती चष्म्याच्या वरून, लांबून बघत आणि म्हणत, "फर्स्ट क्लास." काकू एक बोट रेघेवर, एक बोट मागच्या टाक्यावर ठेवून शिवत. एकदा पाहिलं, की काकूंची सुई वळणापाशी थांबली, सवयीने सरळ निघाली, दोन टाके गेली. काकूंनी बोट फिरवलं, ते दोन्ही टाके उसवले आणि सुई पुन्हा वाकड्या रेघेवर आणली.

"काकू, रेघ जरा वळलीय इथे," मी म्हणालो.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "रेघेवरच जायचं ठरलंय ना."

नात आठव्या महिन्यात असताना गोधडी पुरी झाली. गच्चीवर काकांनी तीन बादल्यांत थंड पाणी भरलं आणि आयाबायांना बोलावलं. गोधडी बुडाली, निळं पाणी सुटलं, आणि बाहेर निघाली तेव्हा एकही रेघ उरली नव्हती. पस्तीस वर्षांत रंग गेल्याचा एवढा आनंद या माणसाला पहिल्यांदाच झाला असेल. मग गोधडी दोरीवर पसरली. रेघा गेल्या होत्या, टाके राहिले होते. कडेपासून मध्यापर्यंत प्रत्येक ओळ थरथरत गेलेली.

"माय, काकू! तुमचा टाका आणि वाकडा?" एक शेजारीण बोलून गेली.

काका पुढे झाले. जवळून पाहिलं. त्यांनी उजवा हात हळूच खिशात घातला, ते मला दिसलं. ते काही बोलणार, तेवढ्यात काकूंचा आवाज आला, सगळ्या गच्चीला ऐकू जाईल असा.

"डोळे गेले बाई माझे. दोन वर्षं झाली. आता काही दिसत नाही मला."

डॉक्टरला जे कधी कबूल केलं नव्हतं ते त्यांनी ओल्या गोधडीसमोर उभं राहून कबूल केलं. काका त्यांच्याजवळ सरकले. मग इतक्या हळू म्हणाले, की शेजारी मी नसतो तर ऐकूही आलं नसतं, "तुना डोयास्ले काय व्हयनं शे? चांगला शेतस."

गोधडी पुण्याला गेली. पणती तिच्यात निजते, आणि जी परीक्षा द्यायची ती गोधडी रोज देते. काकांनी पेनांचा डबा माळ्यावर टाकला. बशी आता काकू आपल्याच हातात धरतात आणि कप तेवढा त्यांना देतात. माझ्याकडे तो रुमाल आहे. बायको अधूनमधून म्हणते, की निळ्या डागाचा रुमाल खिशात घालून काय हिंडता, टाकून द्या. मी तो धुतो, वर इस्त्रीही फिरवतो. रेघ आहे तशीच आहे, जरा वाकडी.