उपड्या टोपलीला रकाना नव्हता

ओटे नव्हते.

गाडीतून उतरल्यावर आधी वाटलं, आपण चुकीच्या गल्लीत आलो. मग पिंपळ ओळखला. समोरच्या प्रमोदच्या दुकानाचं निळं शटर ओळखलं. जागा तीच होती. पण जिथे मासळी बाजाराचे जांभ्या दगडाचे चौतीस ओटे होते, तिथे खडी पसरून रोलर फिरवलेला होता. एवढी सपाट जागा मी रत्नागिरीत क्वचितच पाहिली असेल.

माझ्याबरोबर निधी देणाऱ्या संस्थेची दोन माणसं होती. त्यांना जागा दाखवायला मीच घेऊन आलो होतो. त्यातल्या बाईंनी नकाशा पाहिला, जागा पाहिली, साइट छान क्लिअर झाली आहे म्हणाल्या आणि माझं अभिनंदन केलं. मी थँक यू म्हणालो. ते तोंडातून कसं निघालं, मला अजून कळत नाही.

मी नगररचनाकार आहे. शहरात रस्ता कुठून जावा, बाजार कुठे असावा, हे कागदावर मांडणं हे माझं काम. एका खासगी कन्सल्टन्सीच्या रत्नागिरी ऑफिसात चोवीस वर्षं आहे. आम्ही सर्व्हे करतो, अहवाल देतो, पुढचे निर्णय ज्यांनी काम दिलं त्यांचे. हे शेवटचं वाक्य आमच्या धंद्यात फार उपयोगी पडतं. मीही ते खूप वापरलं आहे.

हे काम होतं जुनी बाजारपेठ जिवंत करण्याचं. आठ वाजले की तिथली शटरं पडतात. पर्यटक गणपतीपुळ्याला जातो, हायवेवर पालीला चहा पितो आणि शहरात न शिरताच कोल्हापूरला परततो. त्याला संध्याकाळी शहरात थांबवायचं, तर बसायला जागा हवी आणि यायला सोय हवी.

बसायला जागा म्हणजे छोटे बार. आपल्याकडे परमिट रूम म्हटलं की काळ्या काचा आणि मान खाली घालून आत शिरणारी माणसं. आमच्या कल्पनेतले बार उघड्या दाराचे होते. बंद पडलेल्या गाळ्यांत आठ-दहा स्टुलं. एकाने बिअर घ्यावी, दुसऱ्याने कोकम सरबत, आणि मध्ये समोरच्या बाजारातून आणलेला मासा तळून यावा. बायकांनाही तिथे बसताना काही वाटू नये.

यायची सोय म्हणजे ट्राम. रुळांवरची नव्हे. रबरी चाकांची, विजेवर चालणारी, दोन डबे जोडलेली गाडी. कागदावर तिला लांबलचक नाव होतं, पण ऑफिसात सगळे ट्रामच म्हणायचे. स्टेशन ते एसटी स्टँड हा तिचा पहिला टप्पा मंजूर होता. तो वाढवून बाजारपेठेपर्यंत आणायचा, हा आमचा प्रस्ताव. आता दोन डब्यांची गाडी शेवटच्या थांब्यावर वळणार, तर तिला मोठी गोल जागा लागते. त्याला टर्निंग लूप म्हणतात. बाजारपेठेच्या त्या सगळ्या गल्ल्यांत लूपला पुरेल अशी मोकळी जागा एकच होती. मासळी बाजार.

सर्व्हे मी त्याच्या आदल्या वर्षी जुलैत केला होता. प्रस्ताव महिनाअखेरीस जायचा होता. जुलैत मासेमारीला बंदी असते, बोटी वर ओढून झाकलेल्या असतात. हे रत्नागिरीत कुणाला सांगावं लागत नाही. मलाही लागत नव्हतं.

ओट्यांवर कोणी नव्हतं. पण ओटे रिकामेही नव्हते. प्रत्येक ओट्यावर बांबूची एक टोपली उपडी घातलेली आणि तिच्यावर एक दगड. या बाजाराची ती रीत आहे. बंदीच्या आधी शेवटच्या दिवशी मासळीवाल्या अशी टोपली ठेवून घरी जातात. ही जागा माझी, बोटी सुटल्या की मी येते, असा तिचा अर्थ. पावसात टोपली कुजून जाते, पण दगड कोणी हलवत नाही. लहानपणी मी असा एक दगड उचलला होता, तर आईने भर बाजारात थोबाडीत मारली होती.

फॉर्मवर तीन रकाने होते. वापरात. वापरात नाही. टाकाऊ सामान. पाहणीच्या वेळी माणूस बसलेला दिसला तरच 'वापरात'. मी तिथूनच देसाईसरांना फोन केला. ते आमच्या ऑफिसचे प्रमुख.

"सर, आत्ता बंदी आहे. ऑगस्टनंतर परत मोजायला हवं."

"शिरोडकर, फॉर्म काय म्हणतो?"

"माणूस दिसला तरच वापरात."

"दिसला?"

"नाही."

"मग झालं. खाली टीप टाका, पुढे बघू."

मी रकाना भरला. वापरात शून्य. टाकाऊ सामान चौतीस. म्हणजे त्या टोपल्या. खाली सही केली. टीपही टाकली, बंदीच्या काळातली पाहणी आहे म्हणून. ती एका परिशिष्टात गेली. अहवाल लांबतोय म्हणून ते परिशिष्ट पुढे कापलं गेलं. कुणीतरी कापलं, असं लिहून मी सुटू शकलो असतो. पण अहवालावर शेवटचा हात मीच फिरवला होता.

ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या. बाजार भरला. त्यानंतर पुढच्या मेअखेरपर्यंत मी दर रविवारी आणि बुधवारी त्याच बाजारातून मासळी आणली. जिला टाकाऊ सामान म्हणून मोजलं, तिच्याकडूनच. शेवंतीकाकी. साठीच्या पुढची बाई. तो ओटा तिच्या आधी तिच्या सासूचा होता. माझी आई तिच्याकडूनच मासळी घ्यायची, आणि वडील आजारी होते त्या वर्षी काकी बरेचदा पिशवीत मासळी टाकून 'मंग बगू' म्हणायची. तिची एक सवय होती. बांगडे मोजून झाले की न सांगता वर एक टाकायची. मी नोकरीला लागलो, माझे केस पिकले, तरी तो वरचा बांगडा चुकला नाही.

त्या सगळ्या महिन्यांत मला एक पत्र लिहिता आलं असतं. नाही लिहिलं. मी स्वतःची समजूत घातली होती की ओटे काढण्याआधी पर्यायी जागा देतातच. योजनेत तसं लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं.

त्या पुढच्या पावसाळ्यात मी सादरीकरणाच्या तयारीसाठी पुण्याला होतो. दोन महिने. परत आलो तो या पाहुण्यांनाच घेऊन.

तेवढ्यात देसाईसर आले आणि पाहुण्यांना घेऊन पुढे गेले. मी मागे राहिलो. रस्त्याच्या पलीकडे, गटाराच्या कडेला, छत्र्या लावून मासळीवाल्या ओळीने बसल्या होत्या. सगळ्या नव्हत्या. शेवंतीकाकीने मला पाहिलं आणि हाताने बोलावलं.

"बाला, बरा आलास. तू शिकलेला. ह्यो कागूद वाच बगू."

प्लास्टिकच्या पिशवीतून तिने घडी घातलेली नोटीस काढली. बाजाराच्या गेटवर चिकटवलेली होती म्हणे. हरकत असेल तर तीस दिवसांत कळवा, अशी. ते तीस दिवस बंदीत गेले. बंदीत बाजाराच्या गेटवर कोण जाणार? बंदी उठल्यावर बायका टोपल्या डोक्यावर घेऊन आल्या, तेव्हा खडी पडली होती. गेटचा खांब तेवढा उरला होता. त्यावरून कुणीतरी हा कागद सोडवून ठेवला.

"कुनी लिवलंन ता बग," काकी म्हणाली. "मना त्येला इचारायचंय. चौतीस टोपल्या, चौतीस दगड. वाऱ्यान येऊन बसले व्हते काय रे?"

बाजूच्या बायका हसल्या. मी वाचायला लागलो. वरचा मजकूर वाचला. ट्रामचा लूप, सार्वजनिक हित, सगळं. खाली माझ्या सर्व्हेचं पान जोडलेलं होतं. ओटे चौतीस. वापरात शून्य. टाकाऊ सामान चौतीस. आता कुणी हसत नव्हतं. त्याच्या खाली माझं नाव होतं आणि सही.

मी थांबलो.

"नाव न्हाय काय खाली?" एकीने विचारलं.

"पावसात धुतलंय," मी म्हणालो.

तो भाग कोरडा होता. अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत होतं.

काकीने कागद परत घडी घालून ठेवला. ऑफिसात ओळख असली तर चौकशी कर म्हणाली. मग माझ्यासाठी सहा बांगडे मोजले आणि वर एक टाकला. घरी बायकोने ते तळले. मी पोट बिघडलंय असं सांगून वरणभात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पुनर्वसनाची यादी उघडली. म्हणजे कुणाला पर्यायी जागा मिळणार त्यांची यादी. यादीत मथळे होते, रकाने होते, नाव एकही नव्हतं. मी ती फाइल घेऊन देसाईसरांकडे गेलो.

"यात कोणीच नाही, सर."

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिलं. "यादी तुमच्या शीटवरून निघते, शिरोडकर. वापरात असेल त्याला जागा. तुम्ही शून्य दिलंत."

चोवीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंच. फक्त ते शून्य आणि ती यादी मी कधी एकमेकांशेजारी ठेवून पाहिली नव्हती. ओटे तोडणाऱ्या कंत्राटदाराने काही चूक केली नव्हती. ज्या साहेबाने हुकूम काढला त्यानेही नाही. कागदावर तिथे कोणी नव्हतंच.

मी पत्र लिहिलं. पाहणी बंदीच्या काळात केली, नोंद चुकीची आहे, टोपल्यांचा अर्थ मला माहीत असूनही मी त्या टाकाऊ धरल्या, असं स्वच्छ लिहिलं. देसाईसरांनी वाचून ते टेबलावर ठेवलं. यानंतर आपल्याला कोण काम देईल, एवढंच ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते पत्र चार दिवस माझ्या बॅगेत होतं. पाचव्या दिवशी नगरपरिषदेत नेऊन दिलं.

त्यावर सुनावणी लागली. सुनावणी म्हणजे टेबलापलीकडे साहेब आणि अलीकडे खुर्च्यांवर ज्यांचं नुकसान झालं ते. मासळीवाल्या पुढच्या रांगेत. मागे बाजारपेठेतले दुकानदार. त्यांत प्रमोद होता. त्याने वडिलांचं किराणा दुकान बंद करून पहिला छोटा बार काढला होता. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उभा राहिलो आणि साहेबांकडे न बघता काकीकडे बघून म्हणालो,

"काकी, त्या कागदावर नाव होतं. धुतलेलं नव्हतं. माझंच नाव होतं."

तिला ते आधी माहीत होतं की नाही, मी आजही सांगू शकत नाही.

"तुज्या आयशीला दगडाचा ठाऊक व्हता," ती म्हणाली. "तुला नव्हता?"

"मलाही होता."

"मंग?"

मी फॉर्मचं सांगायला लागलो, रकान्यांचं, आणि सांगताना मलाच ते ऐकवेना. तिने मान वळवली आणि साहेबांना विचारलं, "ह्येच्या सहीन जागा गेली. आता ह्येच्या सहीन परत ईल काय?"

साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं की नाही येणार. घालवायला एक सही पुरली होती. परत आणायला नवा सर्व्हे लागेल, नवा नकाशा लागेल, आणि बऱ्याच सह्या लागतील.

तेव्हा मागून प्रमोद उठला. म्हणाला, "साहेब, माझ्या बारमध्ये गिऱ्हाईक बसतं आणि विचारतं, ताजं काय आहे. मी गाडीवरून आलेला बर्फातला मासा दाखवतो. ते बिअर संपवतं आणि जातं. मला ट्राम नसली तरी चालेल. मला काकी समोर पाहिजे." लोक हसले. साहेबही हसले. माझ्या पत्राहून त्या हसण्याचा उपयोग जास्त झाला असं मला वाटतं.

नवा सर्व्हे नोव्हेंबरमध्ये झाला. तो माझ्याकडे दिला नाही, ते योग्यच होतं. लूप रद्द झाला. ट्रामची वाढ तूर्त कागदावर आहे आणि पहिला टप्पाही अजून तिथेच आहे. त्या खडीवर ओटे परत बांधले. आता वर पत्र्याची शेड आहे, पाण्याचा नळ आहे. संध्याकाळी प्रमोदकडे आणि शेजारी निघालेल्या दुसऱ्या बारमध्ये माणसं बसतात. मासळीवाल्या उजेड असेपर्यंत थांबतात आणि प्रमोदचा माणूस रस्ता ओलांडून मासा घेऊन जातो. योजनेत जे चित्र मी काढलं होतं, ते जवळपास तसंच उतरलं. फक्त त्यातून जी गोष्ट मी काढून टाकली होती, तिच्यामुळे उतरलं.

चौतीसपैकी सगळ्या परत आल्या नाहीत. एक दाभोळला लेकीकडे गेली ती तिकडेच राहिली. काही जणी दारोदार विकायला लागल्या आणि आता त्यांना तेच सोयीचं झालं आहे. ते ओटे मोकळे आहेत.

आमच्या ऑफिसच्या फॉर्मवर आता चौथा रकाना आहे: 'जागा धरलेली, खूण पाहा.' देसाईसरांनीच घालायला सांगितला. नवीन लोकांना मी एवढंच सांगतो की रिकामी जागा दिसली तर आधी महिना कोणता आहे ते बघा, आणि टीप परिशिष्टात टाकू नका.

शेवंतीकाकीला तिचाच ओटा मिळाला. मी अजून तिच्याकडूनच मासळी घेतो. ती नीट बोलते, बायकोची चौकशी करते, बांगडा कालचा असला तर तसं सांगते. सहा मागितले की सहा मोजते. पिशवीचं तोंड मी हळूच उघडं धरून एक क्षण थांबतो. मग ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते.