तासाभरात वाळणारा गालिचा

मंगळवार पेठेत त्र्यंबकतात्यांचं बिछायतीचं दुकान होतं. लग्नामुंजीला जाजमं, लोड, गालिचे भाड्याने द्यायचे. दुकान तात्यांचं, पण दुकानाचं तोंड म्हणजे त्यांची बायको शालूबाई. काही विकायला कोणी दारात आला की त्या त्याचा माल आधी त्याच्यावरच चालवून बघत. साबणवाल्याला स्वतःची टोपी धुऊन दाखवावी लागे, ढेकणांच्या औषधवाल्याला आपल्याच वळकटीवर फवारा मारावा लागे. निम्मे तर तिथूनच काढता पाय घेत. तात्या शेजारी बसून पान जमवत. समोरचा थापा मारतोय हे त्यांनाही कळे, पण बोलायला बायको खमकी होती.

त्रेपन्न साली श्रावणात शालूबाई तापाने गेल्या. त्यानंतर तात्या बोलावलं की जेवत, सांगितलं की झोपत. रडले मात्र नाहीत. लोक म्हणाले, माणूस घट्ट. घट्ट कसला, आतून पार बधिर झाला होता.

घरात मयत झालं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मुलगी नंदिनी तर आधीच विशी ओलांडलेली. तात्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, खटपट करून शेवटी ज्येष्ठात इचलकरंजीचे पाहुणे बोलावले. यानंतर वर्षाच्या आतले मुहूर्तच उरले नव्हते.

बैठकीच्या खोलीतला मोठा गालिचा मळला होता. पाहुणे यायच्या दिवशीच सकाळी पुण्याकडचा एक विक्रेता बाटली घेऊन आला. हे औषध पाण्यात मिसळून घासायचं. ऊन नको, बडवणं नको, तासाभरात गालिचा खडखडीत, असं त्याने अक्काच्या गळी उतरवलं. अक्काने तात्यांकडे पाहिलं. जाड लोकरीत एकदा पाणी शिरलं की दोन-तीन उन्हं दाखवल्याशिवाय निघत नाही, हे तात्यांना स्वतःच्या नावाइतकं पाठ होतं. ते म्हणाले, "व्हय, घ्या की."

तासाभराने गालिचा वरून खरोखरच कोरडा लागला. विक्रेता खुशीत गेला.

दुपारी पाहुणे आले, पोहे झाले, प्रश्न झाले. मुलाचे वडील अंगाने भारदस्त. त्यांच्या वजनाने तळातलं पाणी वर आलं. ते उठले तेव्हा धोतर मागून ओलंचिंब, आणि खोलीभर भिजल्या मेंढराचा वास. त्यांच्या बायकोने नाकाला पदर लावला. बाई गेली की घराची अशी दशा होते, एवढं बोलून त्या टांग्यात बसल्या. संध्याकाळीच मध्यस्थाकरवी नकार आला.

अक्काने विक्रेत्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.  दुसऱ्या दिवशी उघडीप बघून नंदिनीने आणि तात्यांनी गालिचा घरामागच्या परड्यात नेला.

"तात्या, तुमास्नी ठावं हुतं न्हवं?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाईसा?"

तात्यांनी गालिच्याचं टोक दगडी गडग्यावर टाकलं, सारखं केलं.

"मला वाटलं, तुजी आई बोलंल," ते म्हणाले.

आपण काय बोलून गेलो, ते बोलल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.