पाठ करून उभा राहणारा मिस्तरी

एकलहऱ्याच्या रस्त्यावरचा माझा मिस्तरी गाडी कुठली ते विचारत नाही, गाडीत कोण बसतं ते विचारतो. माझी गाडी अठरा वर्षांची. ब्रेकच्या डिस्क झिजल्या म्हणून मी त्याला मोबाईलवर भोकं पाडलेल्या महागड्या डिस्क दाखवल्या. त्याने सवयीने आधी हात पुसले.

"दिसायला लय भारी हायेत. पण तुम्ही आईला घेऊन वणीचा घाट उतरता ना? घाटात तापून भोकांपाशी तडे जायची भीती. मग डिस्क साधी घ्या अन् पॅड चांगल्यातले."

बसवून झाल्यावर नवे पॅड डिस्कवर घासून मुरावेत म्हणून त्याने स्वतःच बऱ्याच चकरा मारल्या. मग गॅरेजमागच्या रिकाम्या रस्त्यावर खडूने रेघ ओढली आणि तिच्यापलीकडे वीस-पंचवीस पावलांवर माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"येऊ द्या चाळीसनं. रेघ आली की दाबा."

"अहो, बाजूला व्हा!" मी ओरडलो.

"काम माझं हाय. मी नाय उभं राहायचं तर कोणी?"

रेघ येताच मी ब्रेक दाबला. गाडी जराही बाजूला न ओढता सरळ थांबली. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

हल्ली कुणाला त्याचा पत्ता देताना स्वस्तात करतो, असं मी सांगत नाही. पाठ करून उभा राहतो, एवढंच सांगतो.