कनकांबर की अबोली

फोन दुकानाच्या शेजाऱ्यांचा होता. "अम्मा, बेग बन्नी... लवकर या," एवढंच ते म्हणाले. मी रिक्षा करून मैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात पोचले, तेव्हा माझा थोरला भाऊ, अण्णा, आपल्या फोटोच्या दुकानात बंद मॉनिटरसमोर बसल्या जागी गेलेला होता. महिना होऊन गेला. लोक म्हणतात, सुखाचं मरण आलं. त्यात सुख कसलंही नव्हतं, हे मला ठाऊक आहे.

मॉनिटरशेजारच्या खिळ्याला वहिनीचा फोटो असे. कनकांबर रंगाचं मैसूर सिल्क नेसलेली. अण्णाने स्वतः काढलेला, स्वतः छापलेला. वहिनी गेली, तरी रोज दुकान उघडलं की त्याच फोटोची फाईल स्क्रीनवर लावायची आणि साडीचा रंग भिंतीवरच्या प्रिंटशी जुळेपर्यंत मॉनिटरची बटणं दाबत बसायचं, ही त्याची पूजाच. "कागद खोटं बोलत नाही गं, स्क्रीन बोलते," म्हणायचा. अलीकडे गिऱ्हाइकं कुरकुरत, फोटो भडक येतात म्हणून. अण्णा उलट त्यांनाच झाडायचा.

गेल्या उन्हाळ्यात मी सहज म्हटलं, "वहिनीला ही अबोली साडी किती शोभायची!" तो उसळलाच. "अबोली कुठली? कनकांबर! तूच निऱ्या घातल्यास ना, विसरलीस काय?" फूल एकच, पण आमच्या घरात फिक्या रंगाला अबोली म्हणायचं आणि इथल्या गजऱ्यातल्या रसरशीत केशरीला कनकांबर. "मग फोटोतच बघ की," मी म्हटलं. त्याने फ्रेम उघडली. लाकडाखाली दडलेली बोटभर कडा अजून झळझळीत कनकांबर होती. बाकी सगळी वहिनी खिडकीतल्या उन्हाने कधीच उतरली होती. आणि तिच्याबरोबर तो रोज स्क्रीनही फिकी करत आला होता; म्हणूनच गिऱ्हाइकांचे फोटो भडक येत. "अय्यो... म्हणजे रोज मीच तिला पुसत होतो काय गं?"

त्याने मॉनिटर मूळ रंगांवर आणला. साडी पेटल्यासारखी झाली, चेहरा तांबूस, तरतरीत... अण्णा कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "इल्ला. ही ती नव्हे." खरी वहिनी समोर होती आणि त्याला ती ओळखू येईना. त्यानंतर तो दुकानात जायचा, पण मॉनिटर लावत नसे. नुसता बसायचा.  

तेराव्याला हार घालायला त्याचा फोटो हूटगळ्ळी भागातल्या नव्या फोटो लॅबमधून छापून आणला. गाल गुलाबी, शर्ट निळाशार... "मस्त आलाय, अम्मा," माझा मुलगा म्हणाला. मला मात्र तो कुणी परकाच वाटला. इल्ला, हा तो नव्हे.

सगळे पांगल्यावर मी दुकान उघडलं आणि तो फोटो वहिनीच्या शेजारी टांगला. दुपारी तिथे थेट ऊन येतं. खिडकी मी मुद्दाम उघडी ठेवते... उतरू दे त्याचाही रंग.