पाचापैकी पाच

मंगळवार, १७ जून २०२५. सकाळी नळाला पाणी कमी. रुद्रचा खोकला वाढला. अकराला लशीच्या सर्वेक्षणाची मुलगी आली.

साधनाबाईंची डायरीतली नोंद तिथंच थांबली, कारण मुलगी आत येऊन बसलीसुद्धा. मनाली तिचं नाव. लहान मुलांच्या आयांना फ्लूच्या लशीबद्दल काय वाटतं, हे ती नाशिकच्या कॉलन्यांतून विचारत हिंडत होती. प्रत्येक वाक्याला आकडा द्यायचा: अजिबात पटत नसेल तर एक, पूर्ण पटलं तर पाच.

सून चैताली पावणेतीन वर्षांच्या रुद्रला मांडीवर घेऊन परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली.

"लस सुरक्षित आहे."

"पाच."

"लशीने बाळाला अपाय होईल, अशी भीती वाटते."

"पाच."

मनालीचं पेन थांबलं. "ताई, सगळ्यालाच पाच? हे मार्क नाहीत हो!"

चैताली हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मग भीतीचं तेवढं खरं धरा. नवव्या महिन्यातलं इंजेक्शन दिलं आणि दुपारी ह्याला आकडी आली. गेल्या पावसाळ्यात छाती भरून चार दिवस दवाखान्यात होता. डॉक्टर लशीसाठी मागे लागलेत, पण मेले तरी परत सुई टोचू देणार नाही."

त्या दिवसाचं डायरीतलं पान साधनाबाईंना पाठ होतं. गप्प राहावं तर नातू लशीवाचून राहणार. बोलावं तर ही सून पुन्हा कधी आपल्या हाती लेकरू देईल का?

त्या उठल्या. कपाटातली जुनी डायरी काढून त्यांनी ते पान चैतालीपुढे धरलं. तिनं मोठ्यानं वाचलं:

'रुद्रचं अंग सकाळपासून गरम. सांगितलं तर लशीच्या केंद्रावरून परत पाठवतील, चैतालीची रजा फुकट जाईल. गप्प बसले.'

"आई, तुम्हाला माहीत होतं? दोन वर्षं मी त्या सुईला शिव्या घालतेय!"

"चुकलं माझं."

"आजी, हे डॉक्टरांना दाखवा," मनाली हळूच म्हणाली. "ताप आधीचा होता, आकडी त्यानंही आली असेल, हे त्यांना कळायला हवं."

चैताली रुद्रच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सासूकडे तिनं पाहिलं नाही.

"भीतीला तीन लिहा," ती मनालीला म्हणाली. "उद्या डॉक्टरांना विचारून येते. डायरी मीच नेणार."

संध्याकाळी साधनाबाईंनी सकाळची नोंद पुरी केली: थर्मामीटर आजपासून चैतालीच्या कपाटात; रुद्रचा ताप तीच बघणार.